भागीच्या करवंदांना फळ का धरेना

भागी धोदडे सगळ्यांना ‘तू’ म्हणते. मला, सुपरवायझरला, वर्षातून एकदा मुंबईहून येणाऱ्या मोठ्या साहेबांनासुद्धा. तिच्या पाड्यावर तसंच बोलतात आणि त्यात कुणाचा मान कमी होत नाही. नवीन माणसाला पहिले काही दिवस ते खटकतं, मग सवय होते. मला तर आता कुणी ‘प्रदीपभाऊ, तुम्ही’ म्हणून सुरुवात केली की हा काहीतरी काम काढून आलेला आहे हे कळतं.

मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, कपड्यांचे रंग बनवणाऱ्या एका कंपनीच्या टाइम ऑफिसात आहे. गेटाला लागून काचेची खोली असते, ती माझी. कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, कुठला माल उतरला, ते लिहायचं. सतरा वर्षं हेच केलं. भागीबाबत जे घडलं त्यातलं बरंचसं त्या काचेसमोरून गेलं आहे आणि काही माझ्या हातूनही गेलं आहे, म्हणून ते मीच सांगितलेलं बरं.

भागी आणि तिचा नवरा सुका मनोरच्या पलीकडच्या डोंगरातले. उताराचा एक तुकडा, त्यात पावसावर नाचणी आणि वरई. दिवाळी झाली की दोघं वीटभट्टीवर जायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. त्यांची मुलगी मोनाली भट्टीच्या धुळीतच चालायला शिकली. शाळेच्या पटावर तिचं नाव होतं, पण अर्धं वर्ष ती शाळेत नसायची. पाचवीत गेली तेव्हा गुरुजींनी तिला एक धडा वाचायला सांगितला आणि तिला तो वाचता आला नाही. भागी तेव्हा शाळेच्या ओट्यावर बसलेली होती. त्या वर्षी ती भट्टीवर गेली नाही.

आमच्या कंपनीचा ठेकेदार नीलेश त्याच सुमारास जोड्या शोधत होता. बाईने बाग आणि झाडलोट बघायची, पुरुषाने सांगतील ते करायचं. काम जोडीला आणि खोलीही जोडीलाच. कुंभवलीत पत्र्याच्या चाळीत त्याने आठ खोल्या घेतल्या होत्या. दोघांतल्या एकाने काम सोडलं की खोली दोघांनीही सोडायची, असा त्याचा नियम. भट्टीवरही असंच असतं, त्यामुळे भागीला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मोनालीला बोईसरच्या शाळेत घातलं. वर्षभर एकाच शाळेत जायचं म्हणजे काय, हे त्या पोरीला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या वर्षी कंपनीला मागच्या भिंतीलगत झाडं लावण्याचा हुकूम आला. प्रत्येक कारखान्याला ठरावीक जागेत हिरवळ ठेवावी लागते. नीलेश नर्सरीतून शोभेची झाडं आणणार होता, पण मागच्या नाल्याच्या कडेची माती इतकी खराब की आधीच्या दोन लागवडी जळून गेल्या होत्या. भागी म्हणाली, इथं करवंद जगेल, दुसरं काही जगणार नाही. जूनमध्ये ती पाड्यावर गेली आणि पिकलेल्या करवंदांची पाटी घेऊन आली. करवंदाचं बी वाळलं की मरतं. तिने गेटाजवळच्या नळावर बसून, हाताला चीक लागत असताना, एकेक फळ पिळून बी काढलं आणि त्याच दिवशी काळ्या पिशव्यांत लावलं. पुढच्या पावसात दोनशे रोपं भिंतीलगत लागली. त्यांतली मेली ती मोजून सहा.

बी लावल्यापासून तिसऱ्या वर्षी करवंदाच्या जाळ्या फुलल्या. फेब्रुवारीत सबंध भिंत पांढरी झाली. आमच्या वसाहतीत सदरा दोनदा धुतला तरी त्याचा वास जात नाही. पण त्या दिवसांत मागच्या बाजूला गेलं की नाकाला वेगळंच काहीतरी लागायचं. लोक जेवणाचे डबे घेऊन तिकडे बसू लागले. भागीने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मे महिन्यात करवंदं खायला या.

मे महिन्यात एकही करवंद नव्हतं. फुलं देठासकट गळून मातीत काळी पडली होती. पहिलाच बहर, असं होतं, असं भागी म्हणाली. पुढच्या वर्षीही तेच झालं. त्याच्या पुढच्या वर्षीही.

तोवर आमच्याकडे हेतल मॅडम रुजू झाल्या होत्या. डहाणूच्या, तिशीतल्या, पर्यावरण विभागाच्या अधिकारी. खऱ्या मनाने काम करणाऱ्या, हे मी आधीच सांगून ठेवतो. त्यांनी कंपनीच्या वार्षिक अहवालात या कुंपणाचा फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं की स्थानिक फळझाडांची लागवड यशस्वी झाली आहे. वरून कुणीतरी विचारलं, फळं कुठे आहेत? तेव्हा त्यांनी शेतीतला एक जाणकार बोलावला. तो जाळ्यांभोवती हिंडला आणि बरंच काही सांगून गेला. पाणी जास्त होतंय. करवंदाला ताण लागतो, डिसेंबरपासून पाणी तोडा. शेणखत आणि गाळ घालताय तो बंद करा, त्याने नुसता पाला वाढतो. कातरणी बंद करा. कोवळी जाळी फळ धरत नाही, थोडी वाट बघा.

भागीने सगळं केलं. पाणी तोडलं, खत थांबवलं, कातर खोलीत टांगून ठेवली. त्या फेब्रुवारीत फुलं पूर्वीच्या दुप्पट आली. मार्चच्या मध्याला ती गळायला लागली.

नीलेशने तिला गेटाजवळ, माझ्या देखत विचारलं की तू हे जंगलातलं वांझ बी कशाला आणलंस. ती झाडू मारत राहिली. तो म्हणाला की पावसाळा लागला की जेसीबी लावून सगळं उपटतो, नर्सरीतलं काहीतरी लावू, आणि बागेला माणूसही दुसरं बघावं लागेल. हे तो ओरडून बोलला नाही. हसतच बोलला. पण बागेला दुसरं माणूस म्हणजे जोडी दुसरी, आणि जोडी दुसरी म्हणजे खोली रिकामी. मोनाली अकरावीत होती. पुढचं वर्ष बारावीचं.

त्याच आठवड्यात पाड्यावर भागीच्या चुलतभावाचं लग्न होतं. ती दोन दिवस गेली. परत आली ती सरळ माझ्या खिडकीशी येऊन उभी राहिली.

“भाऊ, आमच्याकडं त्याच जाळ्यांना फळ धरलंय. हिरवं, वाटाण्याएवडं. त्याच जाळ्यांचं बी मी आनलेलं.”

मी म्हटलं, मग माती खराब असेल.

“मातीचं नाय. तिथं जाळीजवळ उभं राह्यलं का कान भरतो, येवड्या माश्या. इथं ऐक जा. काय ऐकू येतं का बघ.”

मी जेवणाच्या सुट्टीत गेलो. इतक्या वर्षांत माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. भर दुपारी, दोनशे जाळ्या फुललेल्या, आणि कंपनीच्या यंत्रांच्या घरघरीखाली दुसरा कसलाच आवाज नाही. ना माशी, ना भुंगा, ना फुलपाखरू. भागी एका जाळीखाली वाकली होती. तिने हाताने पाचोळा बाजूला केला आणि मला दाखवलं. गळलेल्या फुलांत मधमाश्या मरून पडल्या होत्या. काही वाळलेल्या होत्या, काही ताज्या. एक अजून पाय हलवत होती.

कारण दोघांनाही ठाऊक होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी तिथे फवारणी व्हायची, बाकीचे दिवस कंपनीत इतरत्र. मागच्या नाल्यामुळे डास फार, कँटीनमधून तक्रारी आल्या होत्या, आणि नीलेशकडे त्याचाही ठेका होता. पाठीवर पंप घेऊन नाल्याच्या कडेने, भिंतीवर आणि भिंतीलगतच्या जाळ्यांवर औषध मारत जाणारा माणूस सुका होता.

सुका अबोल. भट्टीवर त्याच्यासारख्या विटा थापणारा दुसरा नव्हता, असं भागी सांगते. कंपनीतल्या तिसऱ्या वर्षी त्याला पंपावर घातलं तेव्हा तो खूश झाला होता, कारण दिवसातले चार तास काम आणि उरलेला वेळ मोकळा. तोंडाला तो मफलर बांधायचा. हातमोजे त्याला कुणी दिले नाहीत आणि त्याने मागितले नाहीत.

त्या संध्याकाळी घरी भागीने त्याच्याकडे नीट बघितलं, असं तिने मला पुढे सांगितलं. सदरा बदलताना त्याला बटण लागत नव्हतं. बोटं बटणावरून घसरत होती. त्याचे हात कापतात हे तिला ठाऊक होतं, पण दारू न पिणाऱ्या माणसाचे हात का कापतात हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी यायचं, तोंडाला लाळ सुटायची, जेवण अर्ध्यावर टाकून तो उठायचा. या सगळ्याला दोघं मिळून ‘गरमी’ म्हणत होती. तिने त्याला मेलेल्या माश्यांचं सांगितलं. ज्यानं माशी मरते ते तू रोज हुंगतोस, असंही म्हणाली.

सुकाने बटण तसंच सोडलं. मग म्हणाला, “भागे, मी पंप टाकला तर उद्या दुसऱ्याच्या पाठीवर चढंल. माश्या तरी मरतीलच. आनि आपली खोली जाईल. पोरीचं एक वरीस ऱ्हायलंय.”

मोनाली आतल्या पडद्यामागे अभ्यास करत होती. तिने पान उलटायचं थांबवलं, एवढं भागीला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी भागीने मला विचारलं की फवाऱ्याचं औषध कुठलं असतं. हा प्रश्न मला नको होता. नीलेशचे कॅन माझ्याच गेटातून आत यायचे. आधीच्या औषधाच्या कॅनवर नाव असायचं. तीन वर्षांपूर्वी कॅन बदलले. नवे पांढरे होते आणि त्यांच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मी वहीत ‘फवारणी द्रव’ असं लिहून सही करत होतो. पहिल्यांदा मी नीलेशला विचारलं होतं. तो म्हणाला होता की तेच आहे, थोडं कडक, आणि वरच्यांना माहीत आहे. मग मी विचारणं सोडून दिलं. मी भागीला सांगितलं की मला ठाऊक नाही. ते खरंच होतं, पण मला ते ठाऊक असायला हवं होतं.

त्याची भरपाई म्हणून की काय, मी तिला माझ्या चुलत्यांचं नाव सांगितलं. आमचं घर पालघरजवळच्या माहीमला. रामनाथकाकांची तिथे वाडी आहे, नारळ, नागवेल आणि मांडवावर पडवळ-दुधी. भागी सुट्टीच्या दिवशी पालघरहून रिक्षा धरून माहीमला आली. काका सत्तरीचे. फळ धरत नाही म्हटल्यावर त्यांनी तिला मांडवाखाली नेलं आणि नराचं फूल तोडून मादीच्या फुलावर कसं टेकवायचं ते दाखवलं. दहा वर्षांमागे हे करावं लागत नव्हतं, म्हणाले. आता सकाळी माश्याच येत नाहीत, म्हणून मीच माशी झालोय. करवंदाचं फूल मी कधी हाताळलं नाही, पण त्याची नळी लांब आणि अरुंद असते, त्यात बोट जायचं नाही. बारीक काडी घेऊन बघ. एका जाळीची पूड दुसऱ्या जाळीच्या फुलात ने, त्याच जाळीत फिरवू नकोस.

बहर संपत आला होता. खालच्या टोकाच्या तीन जाळ्यांवर तेवढी ताजी फुलं होती. भागीने शिंदीच्या झाडूची एक काडी घेतली, तिचं टोक दाताने चावून मऊ केलं आणि रोज सकाळी काम सुरू होण्याआधी त्या तीन जाळ्यांच्या फुलांत काडी घालत बसली. या फुलातून त्या फुलात, या जाळीतून त्या जाळीत. काट्यांनी तिचे हात कोपरापर्यंत ओरबाडले. मंगळवारी आणि शुक्रवारी ती आधी येऊन त्या तीन जाळ्यांवर जुनी लुगडी टाकायची आणि सुका पुढे गेला की काढायची. लुगडी टाकताना सुका मधे थांबायचा, तिचं झालं की मगच पंपाचा दांडा हलवायचा. सकाळच्या फेरीत मला ती दोघं दिसायची आणि मी मान खाली घालून हातातल्या वहीत काहीतरी लिहायचो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्या तीन जाळ्यांना फळ धरलं. बाकीच्या भिंतीवर काही नाही आणि त्या कोपऱ्यात झुपक्यांनी हिरवी करवंदं.

हेतल मॅडम धावतच मागे गेल्या. फोटो काढले. नीलेशही आला आणि त्याने मॅडमना सांगितलं की आम्ही पद्धत बदलून बघितली. मग मॅडमनी भागीला ऑफिसात बोलावलं. मी मस्टर घेऊन तिथेच उभा होतो. मॅडमनी तिला खुर्चीवर बसवलं, कसं केलं ते विचारलं. भागीने काडीचं सांगितलं. मॅडम इतक्या आनंदल्या की त्यांनी लगेच ठरवलं, पुढच्या फेब्रुवारीत दोनशे जाळ्या अशाच करायच्या, मदतीला दोन बायका देऊ, पाहणीला बाहेरचे लोक बोलावू. जेसीबीचा विषय संपला.

भागीला एवढ्यावर थांबता आलं असतं. खोली राहिली असती, काम राहिलं असतं. मला वाटतं ती थांबणारच होती. ती उठलीही होती.

तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, “पण भागीताई, डोंगरात कोण काडी घालतं? तिथे आपोआप धरतं ना? मग इथे हाताने का करावं लागतंय?”

खोलीत पंखा फिरत होता. नीलेश दाराशी उभा होता. भागीने माझ्याकडे पाहिलं. मी मस्टरची पानं बघत राहिलो. त्या क्षणी मी एक शब्द बोललो असतो, तर तिला तो बोलावा लागला नसता.

“माश्या मरतात, बाय,” भागी म्हणाली. “फवाऱ्यानं.”

“कोण फवारतं तिथे?”

“माजा नवरा.”

नीलेश लगेच म्हणाला की औषध नियमाप्रमाणेच आहे आणि डासांच्या तक्रारी कँटीननेच दिल्या आहेत. मॅडमनी त्याला थांबवलं. भागीचे आभार मानले. चार दिवसांत कागद निघाला: बहराच्या काळात कुंपणाच्या पट्ट्यात फवारणी बंद, एरवीही जाळ्यांवर मारायचं नाही. तो कागद मीच गेटाजवळच्या फळ्यावर लावला. मॅडमच्या हातात तेवढंच होतं. हिरवळीचा पट्टा त्यांचा होता. पंप, कॅन आणि पंप घेणारा माणूस ठेकेदाराचे होते.

भिंतीकडचं काम गेल्यावर सुकाला मोकळं बसवतील, दुसरं काम देतील, असं भागीला वाटलं होतं. नीलेशने त्याला पंपासकट आतल्या गटारांवर पाठवलं. ती वरून लाद्यांनी झाकलेली असतात. मधली लादी काढायची, आत वाकायचं, नळी सोडून मारायचं. भिंतीजवळ निदान वारा होता.

जूनच्या शेवटी सुका एका गटाराच्या तोंडाशी पडला. दोघांनी उचलून त्याला माझ्या खोलीसमोर आणलं. तोंडाला फेस होता, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. दवाखान्यात एक रात्र ठेवलं. डॉक्टरांनी उष्म्याने चक्कर आल्याचं लिहून दिलं. त्या सकाळी पाऊस पडत होता. मी माझ्या वहीत ‘चक्कर’ असंच उतरवून घेतलं, लेखणी उचलली, आणि मग बराच वेळ त्या शब्दाकडे बघत बसलो.

तिसऱ्या दिवशी सुका कामावर यायला निघाला. त्या सकाळी भागीच्या पाठीवर पंप होता. दोघं बरोबरच गेटात शिरली. सुकाच्या हातात कातर आणि झाडू, आणि पंप तिच्या पाठीवर, पट्टे तिच्या खांद्यांना मोठे होत होते म्हणून चिंधीने आवळून बांधलेले. नीलेशने विचारलं, हे काय. ती म्हणाली की काम जोडीला आहे ना, मग जोडीतलं कुणी काय करायचं ते आमी बघू. पंप चालू राह्यल्याशी तुला काम.

नीलेश बाजूला झाला. नियम त्याचाच होता.

ती माझ्या खिडकीशी आली. “भाऊ, मला हातमोजे दे. आनि त्या डब्यावर काय लिवलंय ते वाचून दाखव.”

“डब्यावर काही लिहिलेलं नाही, भागी.”

“मंग तू आत कसा घेतोस?”

मी तिला कोठारातून मोजे आणि रंगखात्यातला फिल्टरचा मास्क काढून दिला. त्या दिवशी दुपारी नीलेशचा टेम्पो चार पांढरे कॅन घेऊन आला तेव्हा मी ते उतरवून घेतले नाहीत. नाव लिहिलेलं नाही, घेता येणार नाही, असं वहीत लिहिलं आणि खाली सही केली. टेम्पो गेटाबाहेर दोन तास उभा होता. मला तीनदा फोन आले. एक आमच्या साहेबांचाच होता. मी तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतो. शेवटी हेतल मॅडमना बोलावलं गेलं. त्यांनी कॅनचं झाकण उघडून वास घेतला आणि सरळ वर साहेबांकडे गेल्या. टेम्पो परत गेला. पुढच्या आठवड्यापासून नाव लिहिलेले कॅन यायला लागले. औषध सौम्य होतं म्हणतात. मी फार मोठं काही केलं असं मला वाटत नाही. ते तीन वर्षं आधी करायचं होतं.

भागीने ते वर्षभर पंप मारला. मास्कच्या पट्ट्याने तिच्या गालावर वळ उठले. गटाराजवळ गेली की सुका लांब उभा राहून तिच्याकडे बघायचा, आणि ती वर येईपर्यंत हातातलं काम करायचा नाही. त्याच्या हातांचं कापणं कमी झालं, थांबलं नाही. कातर धरता येते, सुईत दोरा घालता येत नाही. भट्टीवर परत जायचं ठरवलं तरी आता तो विटा थापू शकणार नाही, हे दोघांनाही कळलं होतं. डोंगरातल्या तुकड्यावर सुकाचे दोन भाऊ राबतात आणि तो त्यांनाच पुरत नाही. म्हणजे जायला जागा नव्हती आणि राहायला ही एवढीच होती. मी एकदा तिला म्हटलं की बेटेगावला माझ्या ओळखीचा एक जण खोली देतो, ठेकेदाराशी संबंध नाही. ती म्हणाली की खोली देईल, काम कोन देईल.

फेब्रुवारीत जाळ्या पुन्हा फुलल्या. काडी घेऊन बसायला दोन बायका ठेवल्या होत्या, पण पहिल्याच आठवड्यात भागीने त्यांना थांबवलं आणि मला मागे बोलावलं. फार नव्हत्या. दहा-पंधरा माश्या असतील, दोन काळे भुंगे आणि काही बारीक पांढरे पतंग. पण आवाज होता. सुका तिथेच उकिडवा बसला होता आणि डोकं एका बाजूला कलवून ऐकत होता. माझ्याकडे बघून हसला. मी त्याला त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं.

मोनालीची परीक्षा त्याच सुमारास झाली. मे महिन्यात निकाल लागला, ती चांगल्या मार्कांनी पास झाली. नर्सिंगला पालघरमध्ये प्रवेश मिळेल असं शिक्षक म्हणाले. तीन-साडेतीन वर्षांचं शिक्षण, असं मी भागीला सांगितलं.

त्याच महिन्यात करवंदं पिकली. सगळ्या जाळ्यांवर नाहीत, निम्म्यांवर असतील. तरी सात-आठ टोपल्या निघाल्या. कंपनीने त्या कँटीनला दिल्या, लोणचं झालं, मोठ्या साहेबांच्या घरी बरणी गेली. भागीने स्वतःसाठी ओचाभर घेतली. ती तिने मोनालीला दिली नाही, सुकाच्या पुढ्यात ठेवली. त्याने एकेक उचलून तोंडात टाकली. दोन-तीन हातातून निसटून खाली पडली, तीही त्याने पुसून खाल्ली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात हेतल मॅडम भागीला शोधत गेटाशी आल्या. चेहरा फुललेला. कंपनीने नाल्यापलीकडे नवीन युनिट घेतलं होतं. त्याच्या भिंतीलाही करवंदंच लावायची ठरलं होतं, चारशे जाळ्या, आणि हे काम भागीनेच करायचं असं वरून सांगून आलं होतं.

“फळ धरायला चार-पाच वर्षं तरी लागतील ना?” मॅडमनी विचारलं. “तोवर तुम्हाला कुणी हलवणार नाही, मी लिहून घेतलंय.”

हे त्या आनंदाने सांगत होत्या, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. भागीच्या पाठीवर पंप होता. तिने मास्क खाली ओढला आणि नाल्यापलीकडच्या, अजून प्लास्टर न झालेल्या त्या लांबलचक भिंतीकडे बघितलं.

“नर्सिंगला किती वर्सं म्हनलास, भाऊ?” तिने मला विचारलं.

मी सांगितलं.

तिने मान हलवली. मग मॅडमना म्हणाली, “काळ्या पिशव्या आन, बाय. पाचशे आन. थोड्या मरतात.”

आणि मास्क पुन्हा वर चढवून ती गटारांकडे गेली.